चिमीच्या दंडावरचं नाव

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं. पण भगतबाबांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अमडापूरच्या वाटेवरच्या आमच्या गावात ते देवीच्या देवळाचे भगत होते. तोंडभर देवीचे वण, एक डोळा त्यातच गेलेला. म्हणायचे, "आईनं एक डोया ठेवून घेतला. दुसरा तुमच्यावर नजर ठेवाले देला."

देवीची लस टोचणारा सरकारी देवीडाक्तर आला की घरोघर कड्या लागायच्या. टोचून घेतलं तर देवी कोपेल ही भीती. एका साली बाबांनी देवळासमोरच्या लिंबाखाली घोंगडी टाकली आणि आधी स्वतःचा दंड पुढे केला. डाक्तर म्हणाला, "तुम्हाला तर देवी येऊन गेल्यात की!"

"लोकाइले पाहू दे. कोपाचं असन त आई माह्यावर कोपन."

मांगवाड्यातल्या लोकांना देवळाची पायरी बंद होती, म्हणून तर लिंबाखाली. रांग एकच धरली.

माझी चिमी जन्मापासून मुकी-बहिरी. सासूबाई म्हणाल्या, "मुकीले पयले काऊन टोचता? धडधाकट लेकरं उभी हायेत न!"

बाबा म्हणाले, "तिले दुखलं-खुपलं सांगता येत नाही, मावशे. म्हणून तिचा नंबर पयला."

टोचून होताच सासूबाईंनी तिला आडोशाला नेलं आणि ओल्या पदराने दंड पुसून काढला. लस पुसली की कोप टळतो, असं समजून आणखीही बायका तेच करत होत्या. चार माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. बाबांचा तो एक डोळा माझ्याकडे वळला आणि तोंडून निघून गेलं, "पुसलं, बाबा."

"बोलाले लागली वं महाराणी!" सासूबाई कडाडल्या.

बाबांनी चिमीला मांडीवर घेतलं, दुसऱ्या दंडावर टोचायला लावलं आणि वाळेपर्यंत तिचा हात धरून बसले. "आईचा परसाद हाये हा. परसाद कोनी पुसते का?"

बायकांचे पदर जागच्या जागी थांबले.

पुढच्या उन्हाळ्यात गावात देवी आल्या. शेजारच्या दोन दारांवर घरात देवी आल्याची खूण म्हणून लिंबाचे डहाळे लागले. चिमी अंगणात खेळत होती.

बाबा वारले तेव्हा ती दहा वर्षांची होती. देवळात नवा भगत पाहून तिने मला लिंबाखाली ओढत नेलं आणि दंडावरच्या वणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. तिच्याजवळ बाबांचं नाव तेवढंच होतं. मी नाही म्हणून मान हलवली. ती समजली.

परवा चिमीच्या लेकीला टोचलं. वाळेपर्यंत चिमी तिचा हात धरून बसली होती.