एक खरी, बाकी लाकडी

आप्पांना वाईट ते आधी सांगायची सवय होती. सवय कसली, खोडच म्हणायची. एखाद्याचं लग्न जमवायला गेले, तर मुलीच्या बापाला आधी मुलाचा तापटपणा सांगायचे आणि मग त्याची नोकरी. त्यामुळे त्यांनी जमवलेली लग्नं फार नव्हती, पण जी जमली ती टिकली. बाजारात भाजीवालीने "ताजी आहे" म्हटलं की आप्पा विचारायचे, "शिळी कुठली ते दाखव, मग ताजी घेतो." भाजीवाल्या त्यांना वैतागायच्या आणि तरीही त्यांनाच हाक मारायच्या.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच झालं. मी गिरगावात मावशीकडे राहत होते आणि गणपतीत वाडीच्या नाटकात काम करत होते. ते काम बघून हा उंच, काळासावळा, धोतर आखूड नेसलेला माणूस मावशीच्या खोलीत येऊन बसला. परळच्या गिरणीतलं काम सोडून यांनी नाटक कंपनी काढली होती, एवढंच आम्हाला ठाऊक. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "कुसुमताई, वाईट आधी सांगतो. कंपनी लहान आहे. लोक नावं ठेवतील. दौऱ्यावर गाडीत झोपावं लागेल, आणि आमचे गजाभाऊ घोरतात." मावशीने माझ्याकडे असं बघितलं की, याला आता दार दाखव. मी विचारलं, "आणि चांगलं काय?" आप्पांनी जरा विचार केला. म्हणाले, "नाटक चांगलं आहे." मी दुसऱ्या दिवशी तालमीला गेले. मावशी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

ती गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या होत्या, त्यातली एक आप्पांनी घेतली. खोताच्या वाडीतला पास्कल सुतार त्यांचा जिवाभावाचा दोस्त. त्याने रे रोडच्या वखारीतून सागाच्या फळ्या आणून तिच्यावर घर बांधलं. खरंच घर. दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, खाली पेट्यांना जागा, मागे स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप, बायकांसाठी पडदा लावलेला कोपरा, आणि त्या कोपऱ्याला एक लहानशी खिडकी. खिडकीला पास्कलने आपल्या घराच्या खिडकीसारखी नक्षीची लाकडी पट्टी ठोकली होती. गाडी चालवायचाही तोच. गिरगावातली पोरं तिला 'चाकांची चाळ' म्हणायची आणि मागे धावायची. तिच्यात बसलं की सगळ्या अंगाची हाडं वेगवेगळी मोजता यायची, पण मला तिच्यात जशी झोप लागली तशी पुढे कुठे लागली नाही.

झोपायच्या फळीखाली एका लांब पेटीत आमच्या बंदुका असायच्या. आमचं नाटक ऐतिहासिक, म्हणजे तलवारी आणि बंदुका हव्याच. बंदुका सगळ्या लाकडी, पास्कलच्या हातच्या, फक्त एक खरी. ती ठासणीची बंदूक आप्पांच्या वडिलांची, आप्पांच्या नावावर परवाना असलेली. नांदी झाली की आप्पा विंगेत उभे राहून तिचा नुसत्या दारूचा बार काढायचे आणि त्या आवाजावर पडदा उघडायचा. गोळी तिने कधी बघितलीच नव्हती.

पण आप्पांचा नियम असा, की पेटीत गेलं ते सगळं शस्त्र. खरं-खोटं तिथं चालायचं नाही. खंडेनवमीला सगळ्या बंदुका एका रांगेत ठेवून हळद-कुंकू लागायचं, झेंडूची फुलं वाहिली जायची. लाकडी बंदूकसुद्धा ओलांडायची नाही, माणसावर रोखायची नाही, खाली ठेवताना तोंड भिंतीकडे. एकदा एका नव्या नटाने गंमत म्हणून लाकडी बंदूक माझ्यावर रोखली, तर आप्पांनी तालीम थांबवली आणि त्याला आधी माझी आणि मग बंदुकीची माफी मागायला लावली. "सवय हाताला लागते," ते म्हणाले, "हाताला लाकूड-लोखंड कळत नाही." मला तेव्हा हे जरा अतीच वाटायचं.

आता माझ्या आईचं सांगते. आई गोव्यात, फोंड्याकडच्या आमच्या गावी एकटी होती. तिची नजर जवळजवळ गेली होती. मी दर पत्रात "इकडे ये" म्हणत होते आणि ती शेजारच्या मास्तरांकडून "बघू" असं लिहून पाठवत होती. त्या वर्षी मुंबईत जिकडेतिकडे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, आणि गोवा सोडवायला सत्याग्रही निघणार अशी बोलणी. पोर्तुगीजांची सीमा आज ना उद्या बंद होणार, हे चाळीतला शेंबडा पोरगाही सांगत होता. एकदा ती बंद झाली की आई तिकडे आणि मी इकडे. तिला पाणी कोण देणार?

तेवढ्यात आमच्याच गावच्या जत्रेचं कंपनीला आमंत्रण आलं. देवच पावला असं मला वाटलं. आप्पांचाही आनंद मावत नव्हता, कारण कोवळ्या वयात तोंडाला पहिला रंग त्यांनी त्याच देवळापुढे लावला होता. नाटकातल्या म्हाताऱ्या सरदाराचं काम ते स्वतः करायचे आणि ते काम एकदा त्या देवाला दाखवायचं, हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. पण त्यांनी मला बोलावून आधी वाईट सांगितलं. "कुसुम, त्या गावात पालखीपुढे बार झाल्याशिवाय नाटक उभं राहत नाही. म्हणजे खरी बंदूक न्यावी लागणार. नाक्यावर अडवतील."

"मग लपवून नेऊ," मी म्हटलं. पास्कलही म्हणाला, "आप्पा, फळीखाली चोरकप्पा करतो. माझ्या बापाला पण सापडणार नाय."

आप्पा म्हणाले, "गाडी बंद पडली तर ढकलता येते. खोटं बोललेलं ढकलता येत नाही." आणि विषय संपला. मी इतकी चिडले की सावंतवाडीपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाही. आईपेक्षा ह्यांना स्वतःचा खरेपणा मोठा, असं मी गजाभाऊंना ऐकू जाईल इतपत मोठ्याने पुटपुटतही होते.

आपल्या बाजूच्या चौकीवर परवाना बघून सोडलं. पुढे पलीकडचा नाका. दोन पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज शिपाई, आणि एक आपल्यासारखा दिसणारा कोकणी बोलणारा अधिकारी. त्याने विचारलं, "गाडयेंत कितें आसा?" आणि आप्पा हात जोडून म्हणाले, "साहेब, वाईट आधी सांगतो. बंदुका आहेत."

पुढचं काय सांगू. शिपायांनी आम्हाला खाली उतरवून रांगेत उभं केलं आणि पेटी रस्त्यावर उपडी केली. आप्पा सांगत होते, एक खरी, बाकी लाकडी, आम्ही नाटकवाले. अधिकाऱ्याने एक उचलून बघितली, लाकूड आहे हे त्याला कळलं, आणि तो हसलासुद्धा. माझा जीव भांड्यात पडतोय तोच एका पाखल्याने हातातली लाकडी बंदूक धाडकन खाली टाकली आणि बुटाने बाजूला सारली. आमचे गजाभाऊ, शस्त्रांच्या पेटीची जबाबदारी त्यांची, न राहवून पुढे धावले. "पाय नको, पाय नको," म्हणत त्यांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि तोंड चौकीच्या भिंतीकडे करून अल्लाद ठेवली. आणि त्यांचं बघून रांगेतल्या सगळ्यांनी, मीही, छातीला हात लावून नमस्कार केला. इतकी वर्षं अंगात मुरलेलं, सुटणार कसं?

अधिकाऱ्याचं हसू गेलं. लाकडाला कोण नमस्कार करतं? लाकडासाठी कोण शिपायावर धावतं? ह्यात काहीतरी दडवलेलं आहे, अशी त्याची खात्रीच झाली. मग त्यांनी एकेक बंदूक गुडघ्यावर घेऊन मोडली. कडाक, कडाक. आतून निघाला नुसता साग. पास्कल रस्त्याच्या कडेला पाठ करून बसला होता. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते शेवटपर्यंत बघत उभे राहिले.

शेवटी निकाल झाला. गाडी जाईल, माणसं जातील, खरी बंदूक जाणार नाही. नेली तर जप्त. आणि परवाना आप्पांच्या नावाचा, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाकडे ठेवून जाताही येईना.

आप्पांनी विचार करायला एक श्वासही घेतला नाही. एरवी शुद्ध बोलणारा माणूस मालवणीत आला. "मी हयच रवतंय. तुमी जावा."

मी म्हटलं, "लपवली असती तर तुम्हीही आला असतात."

"लपवली असती आणि मिळाली असती, तर सगळी गाडी तुरुंगात आणि तुझी आई वाटेकडे कान लावून. आता एकटाच मागे राहतोय. स्वस्तात सुटलो गो."

"आणि सरदार कोण करणार?"

"तू कर. विंगेतून सगळ्यांच्या आधी तुझे ओठ हलतात, मला काय दिसत नाही?"

मग बंदूक खांद्याला लावून ते आपल्या चौकीकडे चालू लागले. वळून एकदाच म्हणाले, "तिसऱ्या अंकात घाई करू नको."

गावात मी त्यांचा अंगरखा घालून, पांढऱ्या मिशा लावून सरदार केला. बाराची अडचण आलीच. तेव्हा शेजारच्या वाड्यावरच्या कपेलाच्या, म्हणजे लहानशा चर्चच्या, फेस्ताला दारूकाम करणारा मिंगेल आपणहून आला आणि त्याने पालखीपुढे गर्नाळ, म्हणजे दारूचा मोठा बार, उडवून दिला. असा आवाज की देवळावरची कबुतरं उडाली. हातात मोडक्या बंदुका सुतळीने बांधलेल्या, सैन्य असं दरिद्री, पण लोक जागचे हलले नाहीत. तिसऱ्या अंकात मी घाई केली नाही. पुढच्या रांगेत आई बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण नाटक संपल्यावर तिने माझ्या मिशा चाचपल्या आणि म्हणाली, "ह्या मिशांचो धनी खंय?"

मी सगळं सांगितलं. नाक्यापलीकडच्या चौकीवर एक माणूस आपल्यासाठी बसला आहे, हे ऐकल्यावर आईने एवढी वर्षं चाललेलं "बघू" सोडलं. गावच्या अधिकाऱ्याने तिला सीमेपलीकडे जायचा परवाना दिला, तिने देवळात नारळ ठेवला, बोचकं बांधलं आणि गाडीत येऊन खिडकीच्या कोपऱ्यात बसली.

आप्पा चौकीजवळच्या हॉटेलच्या बाकावर होते, दाढी वाढलेली, बंदूक मांडीवर. चौकीचे हवालदार त्यांच्यासमोर सरदाराचं भाषण म्हणून दाखवत होते. तेवढ्या दिवसांत ह्यांनी त्यांनाही नाटकाला लावलं होतं. आईला बघून ते उठले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आई, मुंबईत एकच खोली आहे. पाणी सकाळी तासभर. देऊळ लांब." आई म्हणाली, "जांवदी. चेडूं लागीं आसा." असू दे, मुलगी जवळ आहे. माझ्या डोळ्यांपुढे धूसर झालं. तेव्हाच्या तेव्हा त्या माणसाच्या पाया पडले.

त्याच पावसाळ्यात सीमा बंद झाली. आई माझ्याजवळ गिरगावात होती.

नंतर मुंबई पेटली. आमच्या चाळीसमोरून मोर्चे जायचे, आप्पाही त्यांत असायचे. मग एके दिवशी गोळीबार झाला. गॅलरीत बसलेल्या आईने आवाज ऐकून माझा हात धरला, "हो नाटकाचो न्हय मगो?" नव्हताच तो नाटकाचा. लालबागला आम्ही ज्यांच्याकडे प्रयोगानंतर जेवायचो त्या घरातला तरणाताठा मुलगा त्यात गेला. आप्पा त्याच्या बापाजवळ बसून आले आणि दुसऱ्या दिवशी वडिलांची बंदूक पोलिसांत कायमची जमा करून मोकळे झाले. मला म्हणाले, "खरा बार ऐकला ह्या कानांनी. आता ढोलावर पडदा उघडू." पुढे राज्य झालं, त्या आनंदात परळच्या मैदानात आम्ही नाटक केलं ते ढोलावरच. सरदार मीच होते. ते काम त्यांनी परत मागितलं नाही, मी देऊ केलं तरी घेतलं नाही.

आप्पा जाऊनही आता खूप काळ झाला. छातीचं दुखणं होतं, फार भोगलं नाही. पण माझ्या मनात ते असतात ते गोवा सुटल्यानंतरच्या त्या फेरीत. आई म्हणाली होती, एकदा गाव दाखव, म्हणजे गावाचा वास तरी घेईन. जुनी गाडी, म्हातारा पास्कल आणि आम्ही तिघं. नाका आला. चौकीला दार नव्हतं, आत कुणीतरी गवत भरून ठेवलं होतं. पास्कल वेग कमी करेना, तेव्हा आप्पा म्हणाले, "थांब. इथून चालत जाऊ."

आईला त्यांनी हात धरून उतरवलं. ती चाचपडत पाचदहा पावलं चालली आणि थांबली. "शीम खंय आसली?" सीमा कुठे होती, असं विचारत होती.

"इथंच, आई. तुमच्या पुढ्यात."

"मग पाय उचलून घालू?"

आप्पांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "उचला," ते म्हणाले.

आईने लुगडं जरा वर धरलं आणि उंबरा ओलांडावा तसं पाऊल चांगलं उंच उचलून पलीकडे टाकलं. तिच्या बरोबरीने आप्पांनीही टाकलं, मग मी. पलीकडे तोच रस्ता होता, तीच तांबडी माती. आई म्हणाली, "इतकीच?"