अस्वलाविरुद्धचा रिपोर्ट

मी एकदा सरकारदरबारी अस्वलाविरुद्ध चोरीचा रिपोर्ट लिहिला. ते अस्वल आहे हे मला ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो बचाव. गेल्या महिन्यात चोपड्याच्या बाजारात कुणीसं सांगितलं, गुलाबनाना गेले... आणि डोळे भरून यायच्या आधी मला तो रिपोर्टच आठवला. भर बाजारात हसू आलं. नाना असते तर तेही हसले असते, माझ्याहून मोठ्यानं.

नाना सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर राहत, जंगलखात्यात शिपाई होते. मी त्याच खात्याचा कारकून, धुळ्याहून नुकता बदलून आलेला. पायात करकरणारे बूट आणि डोक्यात स्वतःच्या हुशारीचं वारं. चैत्रात मोहाची फुलं गळतात. पाड्याला ती वेचायची मुभा होती, पण उजाडल्यावरच. एका सकाळी टेकडीच्या वाटेवर धुळीत मला पाऊल दिसलं. पाच बोटं, टाच, सगळं साग्रसंगीत. झाडाखालची फुलं साफ! बोटांपुढे ओरखडे होते, ते मी काठीचे ठरवले. नाना काहीतरी सांगायला लागले, तर मी म्हणालो, "कारकून कोण? तुम्ही की मी?" आणि झोकात लिहिलं: 'एक अनवाणी इसम, अंगानं धिप्पाड, बहुधा लंगडा, उजाडण्याआधी मोह चोरून नेतो.' साहेबांनी शेरा मारला, चोर सापडेपर्यंत वाट बंद.

पाड्याची पंचाईत झाली. मोह गळतो जेमतेम तीन आठवडे. तोच वाळवून पावसाळाभर पोटाला आधार. इकडे फुलं झाडाखाली सुकत होती आणि तिकडे मी उकिडवा बसून, सुतळी घेऊन, रांगेनं बाप्यांचे पाय मोजत होतो. एकाचंही माप जुळेना. एक म्हातारा म्हणाला, "रावसाहेब, मना पाय आखूड पडना का? ताणी देऊ का जरासा?"

चौथ्या दिवशी नाना मला हाताला धरूनच वाटेवर घेऊन गेले. त्या पावलावर त्यांनी पहिल्याच दिवशी टोपली पालथी घालून वर दगड ठेवला होता, वाऱ्यानं मोडू नये म्हणून. टोपली उचलून म्हणाले, "भाऊ, बूट काढा. तुमना अंगठा कोणत्या बाजूले शे?"

"आतल्या."

"अन् याना?"

सगळ्यात जाड बोट बाहेरच्या बाजूला होतं! चार पावलं पुढे एक वारूळ उकरलेलं, आणि शेजारी मोहाच्या फुलांनी भरलेली विष्ठा. नाना म्हणाले, "हाऊ तुमना चोर. लंगडा नही शे, तो असाच डुलत चालस."

सगळी कचेरी हसणार. मी हळूच म्हणालो, "नाना, चोर पळून गेला असं लिहू का?"

"पळेल चोरले साहेब शोधतीन. वाट बंदच राही. बाया फुलं कव्हय येचतीन?"

मग लिहिलं: 'सदर इसम अस्वल आहे.' साहेब खुर्चीतून पडायचे राहिले. दुसऱ्या दिवशी वाट खुली झाली, आणि टोपल्या घेऊन निघालेल्या बाया माझ्या दारावरून जाताना मुद्दाम डुलत डुलत गेल्या.

पुढे अकरा वर्षं दर रविवारी मला रानात न्यायला नाना माझ्या दाराशी हजर. ऊन असो, थंडी असो. बिबट्या नखं आत ओढून चालतो, तरसाला ते जमत नाही, साळिंदर चालताना मागे काटे घासत जातं... हे सगळं त्यांच्यामागे वाकून वाकून शिकलो. गुरूनं आपण होऊन शिष्य निवडला, असं मी मित्रांना ऐटीत सांगायचो.

परवा पाड्यावर भेटायला गेलो. नानांच्या घरच्या, अक्का, यांनी कोरा चहा पुढे ठेवला. म्हणालो, "अक्का, नानांनी माझ्यात काय पाहिलं कोण जाणे! एक रविवार चुकवला नाही त्यांनी."

अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काय पाहतीन, भाऊ? पाडाना पंचसनी सांगेल व्हतं त्यासले, हाऊ कारकून रानमा एकला जावाले नको. याना कागदपेक्षा अस्वल बरं."