बासमतीचं पोतं आणि उणे पंधरा

मी अमेरिकेला निघाले तो मे महिना होता. जालन्याहून मुंबईच्या विमानतळावर सोडायला बाबाच त्यांची जीप घेऊन निघाले आणि वैजापूरच्या अलीकडे जीप तापली. माझ्या हातात वेळापत्रकाचा कागद होता. त्यात जीप तापायला वेळ ठेवलेला नव्हता. बाबांनी बॉनेट उघडलं, रेडिएटरवर ओलं पोतं टाकलं आणि लिंबाखाली जाऊन बसले. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तसे ओरडले, "जयू! गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. थांबायचं." आई मागच्या सीटवर शांतपणे डबा सोडत होती. विमान मिळालं. थांबायला मात्र मी शिकले नाही.

त्याला सव्वीस वर्षं झाली. आता नेपरव्हिलमध्ये घर आहे, फ्रिजवर तीन याद्या आहेत आणि हिवाळ्यात घरात बसवत नाही म्हणून एक स्नोमोबील आहे. तिकडच्या मंडळींसाठी सांगते: ही बर्फावरची मोटरसायकल समजा, पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा. आमची लांब पट्ट्याची आहे, भुसभुशीत बर्फात चालणारी. पट्टा बर्फ उडवतो, तो खालच्या कूलरवर आदळतो आणि इंजिन थंड राहतं. वाट घट्ट, काचेसारखी झाली की बर्फ उडत नाही. मग बाहेर उणे पंधरा असतानाही इंजिन उकळतं. इकडे आलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच इकडे आले, फेब्रुवारीत. वय एकोणऐंशी. त्यांनी इथंच राहावं असं मी ठरवून टाकलं होतं. ग्रीन कार्डाची फाइल तयार होती, फक्त त्यांची सही हवी होती. ते रोज "बघू" म्हणायचे आणि खिडकीतून रिकामा रस्ता बघायचे.

त्यांचा जीव रमला तो एकाच गोष्टीत. स्नोमोबीलला पंख्याचा जादा रेडिएटर बसवायचा होता. मी अकरा कामांची यादी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवली. पाइप कापणं, जोडणं, कूलंट भरणं, सगळं मीच केलं. बाबा उलट्या बादलीवर बसून बघत होते. दहावं काम होतं पाइपांत अडकलेली हवा काढणं. बुडबुडे कमी झाले तशी मी टिक मारली.

शनिवारी विस्कॉन्सिनला, भाड्याच्या केबिनवर गेलो. फाइलही बॅगेत घेतली होती. घट्ट वाटेवर मैलभर जाऊन परत आले तोवर तापमान लाल झालं होतं. बाबांनी तांदळाचं रिकामं पोतं गाडीतून आणलं. बासमतीचं ज्यूटचं पोतं आपल्यापैकी कोण टाकतं! त्यांनी ते पाण्यात भिजवलं आणि रेडिएटरवर टाकलं. सव्वीस वर्षं इथं काढलेल्या मी ते दुसऱ्या टोकाला धरलंही. पाचच मिनिटांत पोतं गोठून कडांची लाकडी फळी झाली आणि पंख्याची वाट बंद. माझा नवरा संजय म्हणाला, "बाबा, याचा आता दरवाजा करू." बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मला म्हणाले, "हवा राहिलीय आत. तू टिक आधी मारलीस."

केबिनच्या शेडमध्ये आधी इंजिन गार होऊ दिलं. मग पुढची बाजू ओंडक्यावर चढवून हवेचा स्क्रू सैल केला. एकेक बुडबुडा येत होता. मी चारदा घड्याळ पाहिलं.

"फाइल आणलीयस ना?" बाबांनी विचारलं. "मी सही करणार नाही, जयू."

"का?"

"इथं सगळं तूच करतेस. मी बादलीवर बसतो. तिकडे सकाळपासून चार जण येतात, म्हणतात, ‘काका, जरा गाडी बघा हो.’"

पडलात तर कोण बघेल, औषधं कोण देईल, सगळे मुद्दे माझ्याकडे क्रमाने होते. मी पाना खाली ठेवला आणि बुडबुडे बघत बसले. बुडबुडे थांबायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच, असं संजयचं मत. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर वीस मैल गेले, इंजिन तापलं नाही.

मार्चमध्ये बाबा परत गेले. आता रविवारी फोनवर आधी इंजिनाचं तापमान विचारतात, नंतर माझी तब्येत. मी जालन्यात गेले की तिसऱ्या दिवशी इथली कामं आठवतात, आणि इथं रोज बाबा. घर कुठलं, याचं उत्तर कुठल्याच यादीत बसत नाही. पण बाबांनी ‘थांब’ म्हटल्यावर जिथं मला हातातलं काम सोडून गप्प बसता येतं, तिथं थोडं घर आहे.

गॅरेजमधली यादी काल काढायला घेतली. अकराव्या कामाखाली बाबांच्या अक्षरात बारावं होतं: "पोतं फक्त जालन्यात वापरावे."

मे महिन्याचं तिकीट काढलंय. सामानाच्या यादीत पहिली नोंद पोत्याची आहे.