शोकसभेनंतरच्या सह्या

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की जरा अस्वस्थच व्हायला होते.

तेव्हा मी कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत बसलो होतो. राजारामपुरीत दवाखाना असलेल्या एक फिजिओथेरपिस्ट बाई काचेची फ्रेम काखोटीला मारून आत आल्या. फ्रेममध्ये रंकाळ्याचे चित्र. मला वाटले, चोरीचा माल असणार. बाई खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "साहेब, मेलेला माणूस सही करायला शिकतो का?"

ठाण्यात डोके फिरलेली माणसे रोज येतात, पण बाई त्यातल्या दिसत नव्हत्या. मी पाणी मागवले आणि ऐकून घेतले.

चित्र काढणारे म्हातारे चित्रकार अर्धांगवायूचा झटका आल्यावर त्यांच्याकडे व्यायामाला येत. उजवा हात गेला होता, म्हणून बाईंनी त्यांना डाव्या हाताने लिहायला शिकवायला घेतले. हात फार थरथरायचा. त्यावर बाईंनी काढलेली युक्ती अशी, की आधी शिरोरेषा मारून घ्यायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे एकेक अक्षर तिला टांगायचे. स्वतःच्या नावाच्या पहिल्या तीन अक्षरांपर्यंत आजोबा आले आणि यायचेच बंद झाले. पुढे पुतण्याने कळवले, काका गावी वारले. कोल्हापुरात शोकसभा झाली. बाई तिथे जाऊन रडून आल्या.

त्यानंतर पुतण्याने काकांच्या जुन्या चित्रांच्या लिमिटेड एडिशन प्रिंट विकायला काढल्या. म्हणजे एका चित्राच्या ठरावीक प्रती उत्तम कागदावर छापायच्या, प्रत्येकीखाली चित्रकाराने पेन्सिलीने क्रमांक घालून सही करायची आणि तेवढ्या संपल्या की पुन्हा छापायचे नाही. सह्या झटका येण्याआधीच्या आहेत, असे तो सांगायचा. चित्रकार हयात नाही म्हटल्यावर लोकांच्या उड्या पडल्या. बाईंनीही आठवण म्हणून दवाखान्यात लावायला एक घेतली. ती भिंतीवर टांगताना त्यांचे लक्ष सहीकडे गेले.

पूर्ण नाव होते. नावाच्या पुढपर्यंत गेलेली शिरोरेषा, आणि तिला लोंबकळणारी अक्षरे.

"मी तीनच अक्षरं शिकवली होती," बाई म्हणाल्या. "बाकीची ते कुठं बसून शिकले, ते शोधा. त्यांचा व्यायाम बंद झाला असेल तर पायही जाईल."

मी भिंगातून सही पाहिली. बनावट सही करणारा चांगल्या हाताची जुनी सही गिरवेल. थरथरती कशाला काढेल? म्हणजे सही त्यांचीच, आणि झटक्यानंतरची.

पुतण्याला बोलावले. माणूस गोडबोल्या. कुठे वारले, डॉक्टर कोण होता, सगळे तोंडपाठ. गाव गडहिंग्लजकडचे, तिकडच्या ठाण्याला मृत्यूची नोंद बघायला सांगितली होती, उत्तर यायचे होते. खोटे बोलणाऱ्याला मोठ्या गोष्टी विचारून उपयोग नसतो, त्या त्याने घोटून ठेवलेल्या असतात. मी चहा मागवला आणि घरातल्यासारखे विचारले, "रक्षाविसर्जनाला कावळा लगेच शिवला, का थांबवलं त्यानं?"

ज्याच्या घरचे माणूस गेले आहे त्याला याचे उत्तर आठवावे लागत नाही. याने कप उचलून तोंडाला लावला.

"शिवला म्हण की," मी म्हणालो. "एवढं सगळं बोललास, एक शब्द जड झाला व्हय?"

"न्हाय साहेब." त्याने कप खाली ठेवला. "तेवढं माझ्या तोंडातनं काढाय लावू नगा. जित्या माणसाचं पान कावळ्याम्होरं कसं ठिवू?"

तासाभरात आम्ही कागलच्या बाहेर, उसाच्या पट्ट्यात असलेल्या त्याच्या घरी पोचलो. दोन पंच, एक हवालदार, आणि हट्टाने बरोबर आलेल्या बाई. दार आतून बंद होते. आत कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. हवालदाराने कडी वाजवली.

आतून उत्तर आले, "हितं कोण न्हाय."

"मग बोलतंय कोण?" हवालदार ओरडला.

"ते गेलं. शोकसभाबी झाली."

हवालदार दोन पावले मागे सरला. त्याला हसावे असे मलाही वाटले नाही. शेवटी बाई पुढे झाल्या. "आजोबा, मी आलेय. हात दाखवा बघू." बऱ्याच वेळाने, पाय ओढत कुणीतरी आल्याचे ऐकू आले आणि दार उघडले.

टेबलावर प्रिंटची चळत. समोर भिंतीला त्यांचाच मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. खाली ताजी उदबत्ती जळत होती.

"ही कोण लावतं?" मी विचारले.

"मीच की. दुसरं कोण लावणार?"

त्यांनी सांगितले ते असे. झटक्यानंतर चित्रांना कुणी विचारीना, तेव्हा पुतण्याने ही शक्कल काढली आणि ते हसत कबूल झाले. शोकसभा त्यांनी मोबाईलवर पाहिली. "जित्यापणी एवढं चांगलं कोण बोललं न्हवतं," ते म्हणाले. मग पुतण्याने मोबाईल नेला, औषधे बंद झाली, बाहेर दिसलास तर दोघेही तुरुंगात जाऊ असा धाक घातला. "हळूहळू मलाच वाटाय लागलं साहेब, की खरंच गेलोय. सही केली की तेवढ्यापुरतं वाटायचं, हाय अजून."

त्यांना आरोपी करायचे की साक्षीदार, यावर वरिष्ठांशी बराच खल झाला. साक्षीदार ठरले. बाईंनी पुन्हा व्यायाम सुरू केला. पाय वाचला, याचा मला त्या केसच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

बातमी फुटली तसे प्रिंट घेतलेले लोक ठाण्यात येऊ लागले. शिकलेली, कपाटात पुस्तके असलेली माणसे. सही खरी निघाली याचे त्यांना समाधान नव्हते. माणूस जिवंत निघाला आणि प्रिंटचा भाव पडला, ही त्यांची तक्रार. आजोबा कसे आहेत, हे एकानेही विचारले नाही. नाही, एकाने विचारले. टेबलावर वाकून, आवाज खाली आणून तो गृहस्थ म्हणाला, "तब्येत कशी आहे हो त्यांची? म्हणजे, साधारण किती दिवस काढतील?"

आजोबा पुरवणी जबाबासाठी आले होते आणि त्याच्या मागेच बाकड्यावर बसले होते. दाढी वाढलेली, अंग वाळलेले. गृहस्थाने त्यांना ओळखले नाही.

"बसा की पावणं," आजोबा बाकड्यावर सरकत म्हणाले. "थांबाय लागंल जरा."

"हो, थांबतो ना," गृहस्थ म्हणाला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

पुतण्यावर मी कलमे लावली. या गृहस्थावर लावायला माझ्याकडे काही नव्हते. आजही कुणी एखाद्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत फार आस्थेने विचारायला लागले, की मी आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.