पत्र्यातला निंब

त्या वेल्डरचं नाव मी कधी विचारलं नाही. शाळा सुटल्यावर नंदुरबारच्या बससाठी मी ज्या फाट्यावर थांबते, तिथे समोरच त्याचं दुकान आहे. रस्ता रुंद होणार, थांब्यावरचा निंब तोडणार, हे कळलं तेव्हापासून तो झाडाखाली पांढरी चादर अंथरायचा आणि तिच्यावरच्या सावलीचे तासातासाला मोबाइलवर फोटो काढायचा. लोक हसायचे. मीही हसले.

एकदा तो म्हणाला, "मॅडम, निंब तोडी ऱ्हायनात. पन त्यानी सावली मी जाऊ देस नही."

निंब गेला. थांब्याच्या शेडचं काम त्यालाच मिळालं. त्या फोटोंवरून त्याने लॅपटॉपवर भोकांची नक्षी काढली, कुठे दाट, कुठे विरळ, आणि सुरतेहून मशीनवर तसेच पत्रे कापून आणले. प्रत्येक पत्रा चढवताना तो एक डोळा मिटून त्याच्याखाली तळहात धरायचा आणि त्यावरचे कवडसे बघायचा.

शेड उभी राहिली त्या दुपारी मी विचारलं, "जमलं का?"

"माले नका इचारू. त्या मावशीले देखा."

भाजीवाली मावशी नेहमीच्या जागी बसली होती. पायावर ऊन आलं तशी ती वर न बघताच टोपलीसकट हातभर सरकली, निंबाखाली सरकायची अगदी तशीच.

त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. शेजारी एक परगावचा प्रवासी उभा होता. त्याने काही विचारलं नव्हतं, तरी मी त्याला सांगितलं, "आमच्या वेल्डरने केलंय हे."