जिवंत माणसाचं चित्र

मी मेलेल्या माणसांचे चेहरे रंगवते. असं सांगितलं की लोक जरा मागे सरकतात, म्हणून चारचौघांत मी नुसतं 'पोर्ट्रेट काढते' म्हणते. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहराच्या जुन्या भागात, पुरानी बस्तीत, देवळामागच्या गल्लीत माझं एका खोलीचं दुकान आहे. कोणाकडे मयत झाली की दोन-तीन दिवसांत घरातलं कोणीतरी फोटो घेऊन येतं. फोटो बहुधा आधार कार्डावरचा असतो, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातून कापलेला, खांद्यावर भलत्याच कोणाचा तरी हात असलेला. आमच्या बौद्ध घरांतून येणाऱ्यांना पाचव्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चित्र हवं असतं, बाकीच्यांना तेरवीला. घाई सगळ्यांना सारखीच.

हे काम कोणी माझ्या गळ्यात मारलेलं नाही. लहानपणी मी माणसांकडे इतकी टक लावून बघायची की बाजारात आईच्या चापट्या खायची. भाजीवालीची हनुवटी, कंडक्टरच्या कानातले केस, सगळं घरी येऊन वहीच्या मागच्या पानांवर उतरायचं. पुढे सरकारी शाळेत लिपिकाची नोकरी लागली आणि मी ती नाकारली. घरात हलकल्लोळ झाला. भंडाऱ्याहून मामा समजावायला आले, मावशीने फोनवर रडून घेतलं. तेव्हा एकटे बाबा म्हणाले, "तिले तिच्या मनाचं करू द्या. मनाविरुद्ध काम करणारा एक आहे ना या घरात, तेवढा बस झाला."

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. आयुष्यभर डब्यांखाली उताणे पडून गंजलेले बोल्ट सोडवले. त्यांना ते काम एक दिवसही आवडलं नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. माझं दुकान सुरू झालं तसे ते ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटले की माझी पोट्टी आपल्या मनाचं काम करते आणि त्याच्यावरच पोट भरते. मला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

सुरुवातीला मी जे दिसेल तेच काढायची. एकदा शंकर नगरातले एक इंजिनिअर आईचा फोटो घेऊन आले. बाईंची एक पापणी खाली उतरलेली होती, आणि त्यामुळे त्या कायम काहीतरी मिश्कील बोलायच्या बेतात असल्यासारख्या दिसत. मी जीव ओतून ती पापणी काढली. गृहस्थ मराठीच, पण मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारे. चित्र बघून म्हणाले, "दीदी, मम्मी इसमें अच्छी नहीं लग रही."

"पण त्या अशाच दिसत होत्या."

"हमको पता है. पर रोज देखना है ना, दीदी."

मी चिडले. तुम्हाला आई नको, कॅलेंडर हवं आहे, असं तोंडावर बोलले. ते चित्र तिथेच ठेवून निघून गेले. रागाच्या भरात मी दोन दिवस चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी, बाईंच्या तेरवीच्या आदल्या संध्याकाळी, स्वतःच ती पापणी वर उचलून दिली. पोचवायला गेले तर ते गृहस्थ चित्रापुढे हमसून हमसून रडले. मला वाटतं माझा घात तिथे झाला. बदललेल्या चित्रालाही त्यांनी नावं ठेवली असती तर मी माझंच खरं करत राहिले असते, पण ते रडले.

मग हळूहळू सगळं अंगवळणी पडलं. सुरकुत्या निम्म्या करायच्या. दात नसले तर गाल भरायचे. नजर सरळ, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू, मागे फिकट निळा रंग. कोणी म्हणालं गळ्यात सोन्याची पोत हवी, की पोत. आठवड्याला चार चेहरे होऊ लागले. हल्ली मोबाइलमध्ये बोट फिरवलं की म्हातारा तरुण होतो, तरी लोक माझ्याकडे येतात, कारण माझा हात त्या मोबाइलसारखाच चालतो आणि वर कॅनव्हासही मिळतो. हे मी विनोदाने सांगते. विनोद नाही तो. आठवड्याच्या बाजारात जाऊन मी आता भाजीच बघते, माणसांकडे बघावंसं वाटत नाही, आणि याचं मला इतकं वाईट वाटतं की मी कोणाजवळ बोलले नाही. बाबांजवळ तर मुळीच नाही. कोणत्या तोंडाने बोलणार होते?

मागच्या हिवाळ्यात बाबांनीच विषय काढला. "मी मेल्यावर पाच दिवसांत काय काढशील तू? रडशील का रंगवशील? आताच काढून ठेव."

आईने कपाळावर हात मारला. बाबा मात्र हसत होते. मलाही हसू आलं, पण समोर जिवंत माणूस बसवून मी कितीतरी वर्षांत काही काढलं नव्हतं.

ते दुपारचं जेवण करून ई-रिक्षाने यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल. मी खुर्ची दाराजवळच्या उजेडात ठेवली. मनाशी ठरवून टाकलं होतं की यांचं तरी चित्र मी जसंच्या तसं काढेन. पहिल्या दिवशी नुसती रेघांची आखणी केली. दुसऱ्या दिवशी रंग घेतले आणि काम भराभर पुढे गेलं. मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, हात विसरलेला नाही अजून.

तिसऱ्या दिवशी बाबा खुर्चीत जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "तू माह्याकडे पाहून नाही राहिली."

"पाहते आहे ना."

"नाही पाहत, बाई. मी केव्हापासून मोजून राहिलो. मी मघाशी चष्मा काढला, तेही तुले समजलं नाही."

मी मान वर केली. खरंच चष्मा त्यांच्या मांडीवर होता. मग मी चित्राकडे बघितलं. गाल भरलेले होते. बाबांच्या डाव्या दाढा कधीच्या गेल्यात आणि तिकडचा गाल आत बसलाय, तरीही तो भरलेला होता. ओठांच्या कोपऱ्यात ते हसू होतं. बाबा असे कधीच हसत नाहीत, ते हसले तर सगळं तोंड उघडून हसतात. निळा रंगही मी मागे केव्हा भरला होता कोण जाणे. तो फार देखणा म्हातारा होता, आणि तो कोणाचाही बाप असू शकला असता.

बाबा उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चित्राला नावं ठेवली नाहीत. एवढंच विचारलं, "कधीपासून मन नाही तुझं याच्यात?"

थाप मारायची म्हणून तोंड उघडलं, पण खरंच बाहेर पडलं. "खूप वर्षं झाली, बाबा."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता म्हणून."

ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. "मले माहं काम कधी आवडलं नाही," ते म्हणाले. "पण भोंगा झाला, हातपाय धुतले, की मी सुटून जात होतो. घरी आलो की तुह्या वहीतले चित्रं पाहत बसो. तू कोठं जाशील?"

मला राग आला. त्यांचाच आला, असं विचारल्याबद्दल. मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये आपटत धुतले, त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं आणि रिक्षा वळेपर्यंतही उभी राहिले नाही.

आत येऊन त्यांचं चित्र उतरवून ठेवलं, कारण दुसऱ्या दिवशी उरल्याहून, कारखान्यांच्या भागातून, एक बाई नवऱ्याचं चित्र न्यायला येणार होती. तो माणूस रोलिंग मिलमध्ये तापलं लोखंड लाटायच्या कामावर होता. फोटोत त्याच्या कपाळावर, भुवईपासून केसांपर्यंत भाजल्याचा मोठा डाग होता. बाईने तो काढून टाका असं सांगितलं नव्हतं, ठेवा असंही सांगितलं नव्हतं. मी फोटो उजेडात धरला आणि त्या डागाकडे बघायचा प्रयत्न केला. मग रंग घेतला आणि कपाळ साफ करून टाकलं. अर्धा तासही लागला नाही.