बिबट्याला टाळ्या

चहा ओता, मग सांगतो. फजिती माझीच आहे, तेव्हा हसायच्या आधी कप खाली ठेवा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आरे कॉलनीच्या तबेल्यात जन्मभर म्हशी राखून मी नुकताच रिटायर झालो होतो. नात चिमी तिथल्याच बालवाडीत जायची. तिच्या बाईंना नवीन खूळ लागलं होतं, आसपासचे प्राणी पोरांना नाटकातून शिकवायचे. पोरं बेडकासारखी उड्या मारत, घोरपडीसारखी सरपटत घरी यायची. आमच्या वेळी असं केलं की बाप बडवायचा. आता त्याला शिक्षण म्हणतात.

एक दिवस बाई घरी आल्या.

"आजोबा, शनिवारी नाटकात काम कराल?"

"कसलं?"

"झाडाचं. नुसतं उभं राहायचं."

जंगलाच्या कडेला रात्रपाळ्या केलेल्या माणसाने झाड व्हायचं?

"बिबट्या कोण आहे?"

"आमचे शिपाईमामा."

"त्याने मांजर तरी धड पाहिलंय का? बिबट्या मी होणार."

चिमीने लगेच चाळभर सांगितलं, माझे आजोबा अगदी खरा बिबट्या करणार. आता माघार नाही. बाईंनी तालमीला बोलावलं, मी गेलो नाही. बिबट्याला तालीम कसली?

घरी पिवळ्या चादरीवर कोळशाने ठिपके काढले. ही म्हणाली, "चादर माझ्या माहेरची आहे. आणि खाली वाकाल, पण वर कोण काढणार?"

कलेतलं काही कळत नाही तिला.

शनिवारी बालवाडीच्या अंगणात, करवंदीच्या जाळीतून मी चार पायांवर बाहेर आलो. वाटलं, पोरं किंचाळत पळतील. एकही पळालं नाही. सगळी एका जागी गोळा झाली, ताठ उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

जन्माचं सार्थक झालं. नुसत्या येण्याला एवढ्या टाळ्या? मी जोरात गुरगुरलो. टाळ्या वाढल्या. एकाने खाऊचा डबा बडवला. मग मीही हात राखला नाही. मातीत लोळलो, काथ्याची शेपटी हलवली. पोरं ओरडायला लागली, आणि माझ्याकडे बघत एकेक पाऊल मागे सरकू लागली. म्हटलं, कलाकाराला जागा करून देतायत.

सरकत सरकत सगळी वर्गात गेली. दार लागलं. आतून कडी. अंगणात मी एकटा, चार पायांवर, कंबर धरलेली.

खिडकीत चिमी आली. रडवेलं तोंड.

"आजोबा, आम्ही तुम्हाला हाकलत होतो."

"मला?"

"बिबट्या दिसला की पळायचं नाही. एकत्र उभं राहून टाळ्या वाजवायच्या, ओरडायचं, मागे मागे जायचं. बाईंनी तालमीत शिकवलंय. टाळ्या ऐकून बिबट्या जंगलात जातो, मग नाटक संपतं. तुम्ही जातच नव्हतात. मी सगळ्यांना सांगितलं होतं, खरा बिबट्या येणार म्हणून."

"मग काय कमी पडलं?"

"खरा असता तर पहिल्या टाळीलाच गेला असता."

पुढच्या वर्षी मी झाड झालो. प्रत्येक तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. नाटक झालं, मी हललो नाही. माझ्याकडे बघून एकानेही टाळी वाजवली नाही.

फार बरं वाटलं.